एक वीत सोडून बांधलेला डेक

आमच्या घरात मटण शिजत नाही, घराबाहेर शिजतं. हा फरक मला लग्न होऊन सांगलीला आल्यावर पहिल्याच रविवारी कळला. मी वाईची. माहेरी मटणच नव्हतं, त्यामुळं ते कुठं शिजवायचं हा प्रश्नही नव्हता. इथं सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, घर बांधतानाच सांगून टाकलं होतं की देव्हारा स्वयंपाकघरात आहे, तेव्हा उंबऱ्याच्या आत मटण येणार नाही. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, ते मान्य केलं होतं. त्यांचं सगळं आयुष्य फौजेत गेलेलं. सीमा ठरली की तिचा मान ठेवायचा आणि आपल्या बाजूला आपल्याला हवं ते करायचं, हा त्यांचा स्वभाव.

तर दर रविवारी मागच्या परसात शेवग्याखाली तीन विटा मांडून अण्णा मटण रांधायचे. वाटण मात्र आईंचं. खोबरं, कांदा, तीळ सगळं घरात भाजलं जायचं, घरात वाटलं जायचं. "वाटणात काय पाप हाय? मटणाला भेटंपर्यंत ते शाकाहारीच असतंय," असं आईंचं म्हणणं. त्या स्वतः मटणाला शिवत नाहीत, पण मागच्या दारात उभं राहून नुसत्या वाफेच्या वासावरून मीठ कमी आहे हे सांगतात, आणि ते कधी चुकत नाही. पावसाळ्यात अण्णांच्या आणि पातेल्याच्या डोक्यावर छत्री धरायचं काम माझ्याकडं. मटण न खाणाऱ्या सुनेला सासरी मिळालेली पहिली जबाबदारी ही.

हे असंच चाललं असतं. पण माझी नणंद परदेशात असते, आणि एका रविवारी तिनं व्हिडिओ कॉल केला. तिच्या घराच्या मागं लाकडी फळ्यांचा एक मोठा ओटा होता. त्यावर खुर्च्या, टेबल, आणि झाकणाची एक काळी शेगडी. आमचे जावई ॲप्रन घालून चिमट्यानं काहीतरी उलटंपालटं करत होते.

"हे काय गं?" अण्णांनी विचारलं.

"डेक आहे अण्णा. आणि तो बार्बेक्यू."

अण्णांच्या एका हातात उलथनं, डोक्यावर मी धरलेली छत्री, आणि धोतराला राख लागलेली. त्यांनी मोबाईलकडं पाहिलं, मग विटांकडं पाहिलं. ऑफिसर लोकांच्या मेसमध्ये असलं काहीतरी त्यांनी लांबून पाहिलेलं होतं. कॉल संपल्यावर ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "हे आपल्याला पायजे."

नवऱ्याचा कुपवाडला छोटा कारखाना आहे. यंत्रांचे भाग लांबच्या गावांना पाठवायला जी लाकडी खोकी लागतात, ती तो बनवतो. त्याच्या हातून तयार झालेली प्रत्येक वस्तू गाडीत बसून निघून जाते. एका जागी राहणारं असं त्यानं कधी काही बनवलंच नव्हतं. त्यानं कागद-पेन्सिल घेतली आणि सवयीनं विचारलं, "वजन किती भरंल? आणि जायचंय कुठं?"

"कुठं जायचंय म्हंजे? हितंच राहायचंय," अण्णा म्हणाले.

तरीही त्यानं डेक बांधला तो खोक्याच्याच पद्धतीनं. फळ्या खोक्यांच्याच, त्यामुळं काहींवर वर तोंड केलेला बाण, काहींवर काचेचा पेला आणि काहींवर उघडी छत्री छापलेली. उंची स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीइतकी हवी होती. विटांचे खांब घालायचे तर गवंडी मिळेना. मग त्यानं कुपवाडमधून निळी प्लास्टिकची रिकामी पिंपं आणली, झाकणं घट्ट आवळली, आडवी ठेवून पट्ट्यांनी बांधली आणि त्यांवर फळ्या ठोकल्या. "प्लास्टिकला वाळवी लागत नाही," असं त्याचं स्पष्टीकरण. खिळे असे वाकवून ठोकले की वाटेत कुणालाही खोकं उघडता येऊ नये. शेगडीसाठी तेलाचा जुना ड्रम उभा चिरून त्याला पाय जोडून आणले. चारातला एक पाय आखूड निघाला. त्याखाली शहाबादीचा तुकडा सरकवला.

डेक तयार झाला त्या संध्याकाळी आम्ही सगळे वर चढून उभे राहिलो. नवीन लाकडाचा वास येत होता. अण्णा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून आले, परेडची पाहणी केल्यासारखे. तेवढ्यात आई मागच्या दारात आल्या. त्यांनी आमच्याकडं पाहिलंच नाही. त्यांनी खाली पाहिलं.

"चपला कुठं हायत तुमच्या?"

आम्हीही खाली पाहिलं. सगळ्यांच्या चपला खाली मातीत ओळीनं काढलेल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, पण नव्या कोऱ्या फळ्यांवर चपला घालून कोण चढेल?

"चपला काढून चढलाय न्हवं? मग हे घर झालं. हितं मटण न्हाई."

अण्णांनी वर बोट केलं. "अगं, घर कसं? वर आभाळ दिसतंय की!"

"न्हाणीला पत्रा न्हवता तवा बी आभाळ दिसायचं. ती काय घराबाहेर होती?"

"भिंती कुठं हायत?"

"पायरीला चिकटलंय का न्हाई ते सांगा."

डेक पायरीला चिकटलेलाच होता. नवऱ्यानं तो मुद्दाम असा बसवला होता की स्वयंपाकघरातून थेट पाऊल टाकता यावं. त्याला त्याचा अभिमान होता.

वाद वाढला तेव्हा शेजारच्या सरांना विचारायचं ठरलं. सर शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. पत्नी गेल्यापासून एकटेच राहत, गुलाब वाढवत, आणि कुंपणाच्या भिंतीवरून कुणाचंही ऐकून घेत. ते पूर्ण शाकाहारी, त्यामुळं आईंना त्यांचा निकाल मान्य होणार होता. मराठीचे शिक्षक, त्यामुळं अण्णांनाही वाटलं की शब्दात पकडता येईल.

सरांनी दोन्ही बाजू ऐकल्या. "डेक हा शब्द मला मान्य नाही, पण तो वेगळा विषय," ते म्हणाले. "घराला जे लागून आहे, ते घर. इथं 'लागून' या शब्दाला महत्त्व आहे."

अण्णांनी एक क्षणही घालवला नाही. ते नवऱ्याकडं वळले. "काप."

नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी पायरीच्या बाजूनं एक वीतभर पट्टी करवतीनं कापून काढली. कापताना त्याचा चेहरा बघवत नव्हता. आता पायरी आणि डेक यांच्यामध्ये एक खाच होती, आणि तिच्यातून खालची माती दिसत होती. शिवाय डेकवर चप्पल सक्तीची झाली. कुणी सवयीनं काढलीच तर अण्णा ओरडायचे, "चप्पल! चप्पल घाल आधी!" आई पायरीवर उभं राहून खाचेपलीकडं भाकरीची टोपली पुढं करायच्या, अण्णा ती पलीकडून उचलायचे. पाऊल कुणाचंच पलीकडं पडायचं नाही. सीमेवर दोन फौजांचे अधिकारी भेटतात तसं, म्हणून अण्णा त्याला फ्लॅग मीटिंग म्हणायचे.

आखाडाचा शेवटचा रविवार उद्घाटनाला धरला; तोवर मटण शेवग्याखालच्या विटांवरच शिजत राहिलं. अण्णांचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना आबा म्हणतो, आटपाडीकडं असतात. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. आता डाळिंबही आहे, पण आबांचा जीव मेंढरातच. अण्णांनी त्यांना फोन करून सांगितलं की मटणाची सोय तुमच्याकडं. आबांनी सोय केली. टेम्पोतून ते, त्यांच्या घरची मंडळी आणि एक जिवंत मेंढा उतरला.

"आबा, तयार मटण आणायचं ना!" नवरा म्हणाला.

"आरं, ताजं पायजे म्हनलास न्हवं? ह्याच्यापरीस ताजं कुठलं?"

खाटीक दुपारी येणार होता. तोवर मेंढ्याला शेवग्याला बांधायचं ठरलं. पण मेंढ्यानं एकदा परस पाहिलं, दोर आबांच्या हातातून हिसकला, आणि टुणकन उडी मारून डेकवर जाऊन उभा राहिला. अगदी मधोमध. शिंगं वर, तोंड पाहुण्यांकडं. खाली ओढायला गेलं की चारी पाय रोवायचा.

"ऱ्हाऊ द्या. उंचावर बरं वाटतंय त्याला," आबा म्हणाले.

मग गल्लीतली मंडळी यायला लागली. आणि मला जे कधीच सुचलं नसतं ते घडायला लागलं. आम्ही डेकवर खुर्च्या मांडलेल्या होत्या. पण वर कुणी चढेना. "या की वर," असं म्हटलं की, "नको नको, आमी हितं बरं हाय," म्हणून वरचीच खुर्ची उचलून खाली घ्यायचे आणि डेककडं तोंड करून बसायचे. बघता बघता परसात खुर्च्यांच्या रांगा लागल्या. पुढच्या रांगेत म्हातारी माणसं, मागं बायका. आणि समोर फळ्यांवर ॲप्रन घातलेले अण्णा, शेगडी आणि मेंढा. आमच्याकडं जमिनीपासून हातभर उंच काहीही असलं की ते स्टेज असतं, आणि स्टेजवर पाहुणे चढतात ते नाव पुकारल्यावरच. हे अण्णांनाही ठाऊक होतं, पण व्हिडिओ कॉलवर ते दिसलं नव्हतं.

गल्लीत एक गृहस्थ आहेत. गणपतीपासून बारशापर्यंत सगळे कार्यक्रम तेच पुढं होऊन चालवतात. त्यांना ती भरलेली खुर्च्यांची रांग आणि रिकामं स्टेज बघवेना. ते घरी जाऊन त्यांचा चाकांचा स्पीकर आणि माईक घेऊन आले.

"व्यासपीठावर उपस्थित मान्यवर..." त्यांनी सुरुवात केली. व्यासपीठावर अण्णा आणि मेंढा एवढेच उपस्थित होते.

आबांना वर बोलावलं गेलं. एक हार आला. कुठून आला ते मला आजवर कळलेलं नाही. सांगलीत हार लागला की मिळतो. नारळ आमच्याच घरातून गेला. "ज्यांनी एवढ्या लांबून येऊन..." असं म्हणत त्या गृहस्थांनी आबांच्या गळ्यात हार घातला. टाळ्या झाल्या. आबा संकोचले. आयुष्यात त्यांचा सत्कार कुणी केला नव्हता. त्यांनी माईककडं तोंड नेलं, आणि जे बोलले ते अगदी मनापासून बोलले.

"माजा कसला सत्कार करताय? माजं घर, माजी पोरं, समदं ह्याच्या जातीनं पोसलं. सत्कार करायचा तर ह्याचा करा."

आणि त्यांनी हार काढून मेंढ्याच्या गळ्यात घातला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतल्या एक आजी डोळे पुसायला लागल्या. टाळ्या ऐकून आई मागच्या दारात आल्या. हार घातलेला मेंढा पाहून त्या आत गेल्या आणि ताम्हण घेऊन आल्या. खाचेच्या अलीकडं पायरीवर उभं राहून, हात लांब करून त्यांनी मेंढ्याला ओवाळलं. शाल कमी होती. ती सरांनी स्वतःच्या खांद्यावरची काढून दिली.

बरोबर त्याच वेळी खाटीक दुचाकीवरून आला. सुऱ्यांची पिशवी हँडलला. त्यानं गर्दी पाहिली, माईक पाहिला, शाल पांघरून हार खात असलेला मेंढा पाहिला.

"कापायचंय ते कुठलं?" त्यानं हळूच विचारलं.

सगळ्यांनी अण्णांकडं पाहिलं.

"हेच की," शेवटी अण्णा म्हणाले. "कुंकू लावलंय म्हणून काय झालं? देवाच्या बोकडाला बी लावत्यात."

"देवाचं येगळं," आबा म्हणाले. "ह्याचा सत्कार झालाय. सत्कारमूर्तीला कसं कापायचं रं? मान्सं काय म्हनतील?"

खाटकानं पिशवी परत हँडलला अडकवली. "लय झालं तर कोंबडीचं बघा," म्हणून तो गेला. पण अण्णांची उमेद खचली होती. आईंनी आतून वांगी, कांदे, बटाटे आणि मक्याची कणसं खाचेवरून पुढं केली. चिरलेल्या ड्रमवर अण्णा दुपारभर वांगी उलटत बसले. पाहुणे भरीत-भाकरी पोटभर खाऊन, अगदी समाधानानं गेले. सरांनी दोनदा कणीस मागून घेतलं.

"भरीतच खायाचं होतं तर एवढं कशाला बांधलं?" आईंनी विचारलं. अण्णांनी पुढचं वांगं उलटलं.

मेंढा राहिला. टेम्पो दुसऱ्या भाड्याला गेला होता, आणि आबा म्हणाले, "आता सरावन लागलाच. सरावन झाल्यावर बघू." श्रावणात मटणाचा विषयच नव्हता. मेंढा डेकवर राहायला लागला. खाली उतरायचा तो फक्त पाला खायला.

श्रावणातच पाणी आलं. सांगलीत तेव्हा पाऊस नावालाच होता. सगळा पाऊस वर, डोंगरात. वाईहून माझ्या आईचा फोन आला, "घाटाच्या पायऱ्या दिसत नाहीत गं. तुमच्याकडंच येतंय बघ." कृष्णा आधी माहेरावरून जाते आणि मग सासरी येते, त्यामुळं मला अशी बातमी नेहमी आधी मिळते. गल्लीत जो तो एकमेकांना विचारत होता, आयर्विन पुलाखाली पातळी किती झाली. दुपारी गटारांतून पाणी उलटं वर यायला लागलं, आणि संध्याकाळी ते अंगणात पायाला लागलं.

आमचं घर एकमजली. सरांचं दोनमजली. सरांनी भिंतीवरून हाक मारली, "सामान काय ते घ्या आणि वर या माझ्याकडं. विचार करत बसू नका." आम्ही कपडे, औषधं, कागद घेतले. आईंनी देव परातीत घेतले. अण्णा मेंढ्याला आणायला गेले, पण तो डेकवरून हलेना. घोट्याएवढ्या पाण्यात अण्णा ओढत होते आणि मेंढा वर पाय रोवून उभा. शेवटी दोर सोडून, पाल्याचा भारा वर टाकून अण्णा भिजून परत आले. "सबसे सेफ जागा त्याचीच हाय," ते म्हणाले, पण त्यांना जेवण गेलं नाही.

सकाळी सरांच्या वरच्या गॅलरीतून पाहिलं तर कुंपणाची भिंत दिसत नव्हती. सगळं एकच तपकिरी पाणी, मध्ये शेवग्याचा शेंडा. आणि त्या पाण्यावरून आमचा डेक येत होता. घाई न करता, किंचित गिरक्या घेत. त्यावर शेगडी होती, उरलेला पाला होता आणि मेंढा होता. डेक बुडालेल्या भिंतीवरून अलगद इकडं आला, आंब्याला टेकला आणि सरांच्या बाहेरच्या जिन्याशी येऊन थांबला.



"तुमचा डेक आपल्याला शोधत आलेला दिसतो," सर म्हणाले. त्यांनी तो शब्द पहिल्यांदाच वापरला.

अण्णा आईंकडं वळले. "तूच कापायला लावलंस. चिकटून असतं तर जाग्यावर राहिलं असतं."

"जाग्यावर राहिलं असतं म्हंजे बुडालं असतं," आई म्हणाल्या. "मेंढरू कुठं गेलं असतं मग?"

नवरा कठड्यावरून वाकून पिंपं बघत होता. एकही गळलं नव्हतं. त्या परिस्थितीतही त्याच्या तोंडावर मला हसू दिसलं.

दुपारी बोट आली. पण जिन्यापर्यंत तिला येता येईना. पाण्याखाली सरांच्या गुलाबांचं लोखंडी कुंपण होतं. बोटीवरची पोरं दोनदा वळून आली. मग त्यातल्या एकाला डेक दिसला. "आवं, हे काय केलंय? धक्का बांधलाय व्हय? लय भारी सोय!" त्यांनी बोट डेकला लावली.

जिन्यावरून डेकवर आणि डेकवरून बोटीत, एवढं सोपं झालं. सरांकडंच आसऱ्याला आलेली मागच्या घरातली माणसंही जिन्यानं येऊन त्यावरूनच चढली. बोट येताच मेंढा कुणी न सांगता उडी मारून आत जाऊन उभा राहिला.

"जनावराला जागा न्हाई," पोरगा म्हणाला.

आई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होत्या. हातात देवांची परात. त्यांच्या चपला वाहून गेल्या होत्या. "मग मला बी न्हाई," त्या म्हणाल्या. "त्याला आमी गल्लीसमोर मान दिलाय. सोडून कसं जायचं?"

पोरानं अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी मान हलवली, म्हणजे काही उपयोग नाही असं सांगितलं. पोरगा म्हणाला, "बरं, बसू द्या गप." तेव्हा आई अनवाणी डेकवर उतरल्या. त्यांचं पाऊल त्या फळ्यांवर पडलं ते पहिल्यांदाच. त्या क्षणभर थांबल्या, पायाखालची हलणारी फळी चाचपली, आणि बोटीत बसल्या. विश्रामबागेकडं उंचावर ओळखीच्यांच्या घरी आम्ही राहिलो. मेंढ्याला त्यांच्या पार्किंगमध्ये जागा मिळाली. तिथं तो एका बंद मोटारीच्या बॉनेटवर चढून बसायचा.

पाणी उतरल्यावर परत आलो तेव्हा घरात गुडघाभर गाळ. भिंती, कपाटं, गॅस सगळं एका रंगाचं. डेक सरांच्या परसात गुलाबांच्या वाफ्यावर बसलेला होता, थोडासा तिरका. अण्णांनी नवऱ्याला तो परत आणायला सांगितला. नवऱ्यानं टेप लावून पाहिलं. सरांच्या फाटकातून तो निघत नव्हता. बाजूनं वाट नव्हती. आणि सुटा करावा तर खिळे त्यानंच असे ठोकलेले की ते काढायचे म्हणजे फळी फोडायची.

"म्हणजे तो आला तसाच जाऊ शकतो," सर म्हणाले. "राहू द्या. पुढच्या पुराला परत पाठवतो."

गल्लीत कुणाच्याच घरात चूल पेटायची सोय नव्हती. गॅसच्या शेगड्यांतून चिखल निघत होता. तेव्हा सगळ्यांचं लक्ष त्या ड्रमकडं गेलं. तो धुऊन घेतला तर त्यावर मोठं पातेलं बसत होतं. पण ते परस सरांचं. सर अवघडून अण्णांना म्हणाले, "विचारतो त्याचा राग मानू नका. या शेगडीवर आजवर काय काय शिजलंय?"

अण्णांचा चेहरा पडला. सगळी गल्ली ऐकत होती. "वांगी," ते म्हणाले. "कांदे. कणसं."

"मटण?"

"एक तुकडा न्हाई," अण्णा म्हणाले. इतक्या दुःखानं खरं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मग त्या ड्रमवर आईंनी गल्लीसाठी खिचडी शिजवली. गाळ काढून दमलेली माणसं येऊन डेकवर बसायची आणि हातात ताटली घ्यायची. या वेळी कुणालाही वर या म्हणावं लागलं नाही, कारण सगळ्या गल्लीत बसायला कोरडी जागा तेवढीच होती. अण्णा लाकडं फोडून द्यायचे. ओल्या लाकडाच्या धुरानं सगळ्यांचे डोळे लाल, आणि त्यात कोण रडतंय आणि कोणाला धूर लागलाय हे कळायचं नाही. ते बरंच होतं.

श्रावण संपल्यावर आबा मेंढ्याला घेऊन गेले. कापायचा विषय कुणी काढला नाही. काही दिवसांनी त्यांचा फोन आला. मेंढा कळपात राहत नाही म्हणे. दिसेल त्या उंच जागेवर चढतो, बैलगाडीवर, हौदाच्या काठावर, आणि लोक जमायची वाट बघत उभा राहतो. "तुमीच बिघडवलाय त्याला," आबा म्हणाले, पण आवाजात कौतुक होतं.

दिवाळीच्या आधी सरांची मुलगी पुण्याहून गाडी घेऊन आली. पूर आल्यापासून ती बाबांना घेऊन जायचं म्हणत होती. यावेळी ठरवूनच आली होती, सरांची बॅगसुद्धा तिनं भरली. आम्ही भेटायला गेलो. नवऱ्यानं तोवर मधल्या भिंतीत एक छोटं दार काढलं होतं, तेव्हा फाटकाकडून जायची गरज नव्हती. ती मागच्या परसात आली आणि थबकली.

"बाबा, गुलाब कुठायत? आणि हे काय आहे?"

सर डेकवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून कणीस भाजत होते. शेजारी आई वांग्याची सालं काढत होत्या. अण्णा पलीकडून मीठ-लिंबू घेऊन येत होते.

"बस आधी," सर म्हणाले. "सांगतो."

त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. 'लागून' या शब्दापासून सत्कारापर्यंत आणि बोटीपर्यंत. मध्येच अण्णा दुरुस्त करायचे, मध्येच आई. ती आधी घड्याळ बघत होती. मग हसायला लागली, आणि मेंढ्याच्या शालीपाशी आल्यावर तिला आवरेना. तिनं दोन कणसं खाल्ली, माझ्या लसणाच्या चटणीबरोबर भरीत खाल्लं, आईंकडून वाटणाची कृती लिहून घेतली. ऊन कलायला लागलं तेव्हा ती उठली आणि बाबांकडं पाहत राहिली.

"येत नाही ना तुम्ही?"

"आत्ता नाही," सर म्हणाले. "यांचं सामान माझ्याकडं आहे. असं टाकून कसं यायचं?"

तिनं बॅग गाडीतून काढून घरात ठेवली. फाटकापर्यंत आम्ही सगळेच गेलो. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत सर हात हलवत उभे होते. मग ते माझ्याकडं वळून म्हणाले, "ती लसणाची चटणी उरली आहे का गं थोडी?"

मी आणायला गेले.